यानाने न छापलेली ओवी

भाजणी दळून आली की आधी डब्यावर तारीख लिहायची, ही माझी शिस्त. आज त्या उबदार वासाने हात थांबला आणि शारजातलं, अल मजाजचं आमचं नव्वदच्या दशकातलं घर आठवलं.

शेजारची याना स्लोवाक कवयित्री. आमच्या ओव्यांचं ती तिच्या भाषेत भाषांतर करत होती. सासूबाई दुसऱ्या दिवशी साताऱ्याला परतणार होत्या आणि टेपरेकॉर्डरपुढे त्यांना एकही ओवी आठवेना.

"जात्याशिवाय तोंडात येत नाही गं," त्या कळवळून म्हणाल्या.

यानाने पोळपाट जमिनीवर ठेवला, खुंट्यासारखं त्यावर लाटणं उभं धरलं आणि समोर बसली. "आई, यल्ला, दळू या!"

"वेडी कुठली!" म्हणत सासूबाईंनीही लाटणं धरलं. हात फिरू लागले, तशा ओव्या आल्या. ओवीत मायेच्या माणसांची नावं गुंफतात. शेवटच्या ओवीत त्यांनी लेकींबरोबर यानालाही गुंफलं.

यानाने डोळे पुसले. "ही नाही छापणार. ही माझी."

"अगं, पुस्तकासाठीच ना एवढी खटपट?" मी म्हटलं.

तेव्हा मला तो हट्ट वाटला. आता वाटतं, इतक्या दूर आलेल्या बाईला कुणी लेक म्हटलं होतं. ते ती वाटून कशी टाकणार?