समोरासमोरच्या राशी

फोन आला तेव्हा मी वाशीमला औषधाच्या दुकानासमोर उभी होते. ताईंच्या दुखण्याच्या गोळ्या संपत आल्या होत्या. पलीकडून अमोल बोलत होता. "काकू, आई गेली... माह्या मांडीवर डोकं होतं तिचं. तरास नाई झाला." मी तिथल्याच पायरीवर बसले. रडू आलं, पण त्याच्याही आधी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. ताईंच्या जाण्याची बातमी मला त्यांच्या पोटच्या पोरानं दिली होती. याच उन्हाळ्याच्या तोंडाशी मला कोणी विचारलं असतं, तर शेवटच्या घडीला अमोल घरात असेल असं मी म्हटलं नसतं. कारण तीन वर्षं त्यानं आमच्या रिठदच्या घरात पाऊल टाकलेलं नव्हतं.

कुसुमताई माझ्या थोरल्या जाऊ. मला पाहायला आले तेव्हा आमच्या सासूबाईंचे भाऊ, म्हणजे माझे मामासासरे, दोन्ही पत्रिका घेऊन बसले होते. नवऱ्या मुलाची पत्रिका एकदा पाहून त्यांनी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मोठ्या सुनेची रास कोणती?" सगळे हसले. लग्न धाकट्याचं आणि रास मोठ्या सुनेची कशाला? पण मामांचं म्हणणं असं, की बायकोला नवरा संध्याकाळी भेटतो, जाऊ दिवसभर भेटते. ताईंची मेष, माझी तूळ. एकीपासून दुसरी सातवी, बरोबर समोरासमोर. सासूबाई घाबरल्या. मामा म्हणाले, "एकीत इस्तू हाय, आग; दुसरीत तराजू. सूर्य मेषेत उच्चीचा, थोच तुळेत नीचीचा. शनीचं त्याच्या उलटं. दोघी एकमेकीकडे पाह्यत राह्यल्या तं घर चालीन. पाठ केली तं दोन चुली होतीन." ताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "म्हंजे मी वर असली का हे पोरगी खाली राहीन काय मामा?" मामा म्हणाले, "नाई व. जिची येळ, तिनं वर याव. दुसरीनं तवा जागा द्याव."

ताऱ्यांचं खरं किती आणि खोटं किती, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दिवशी मामांनी आम्हा दोघींच्या हातात एक सोय ठेवली. ताईंना मी 'तुमी रागीट हाय' असं म्हटलं असतं तर घरात अबोला झाला असता. 'ताई, मेंढी उधळली' म्हटलं की त्यांना हसू यायचं. मी एखाद्या गोष्टीवर चार दिवस विचार करत बसले की त्या म्हणायच्या, "झालं, मांडला इनं तराजू!" मला राग यायचा नाही. दोष राशीवर जायचा आणि आम्ही दोघी मोकळ्या.

ताई उधळायच्या म्हणजे खरोखरच उधळायच्या. एकदा शेजारच्या वावरातल्या बकऱ्या आमच्या हळदीत शिरल्या. ताई हातातल्या विळ्यासकट निघाल्या, पदर खोचलेला, आवाज बांधापलीकडे आधीच पोचलेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे धावले. "ताई, आधी पाणी प्या, मंग भांडा." उन्हानं त्यांचा घसा वाळला होता. त्यांनी घटाघटा पाणी प्यायलं, तोंड पुसलं, विळ्याकडे पाहिलं आणि तो माझ्याकडे दिला. भांडण झालंच, पण तोंडाचं झालं. संध्याकाळी त्याच शेजारणीनं बकरीचं दूध पाठवलं. पुढे कितीतरी वर्षं माझं काम हेच होतं, ताईंच्या मागे तांब्या घेऊन धावायचं. शहाणी मी आणि उतावळ्या त्या, असंच गाव समजत होतं. थोडं मीही समजत होते.

मग पल्लवीचं झालं. माझी एकुलती एक मुलगी मंगरूळपीरजवळच्या एका गावात दिलेली, तेव्हा सातवा महिना लागलेला. फोनवर नुसतं "बरं हाय आई, बरं हाय" म्हणायची. आवाज मला पडलेला वाटत होता. पण व्याह्यांना काय वाटेल, मध्यस्थाला सांगू, दसरा झाला की रीतीनं जाऊ, असं माझं चाललेलं. एका सकाळी ताईंनी माझ्या हातून फोन घेतला. त्यांचे हात पिठाचे होते. "पल्लू, काल रातच्याले काय जेवली?" पुन्हा विचारलं. पल्लवी म्हणाली, "मोठीआई, अन्नाचा वास सहन होत नाई..." ताईंनी फोन ठेवला, हात धुतले, खुंटीवरची पिशवी काढली.

"ताई, व्याह्यांले आधी कळवू तं द्या."

"कळवत बस तू. मी चालली."

"अशा अंगावरच्या लुगड्यानं?"

"लुगडं पाह्याले नाई चालली, पोरगी पाह्याले चालली."

रिठदहून वाशीम, वाशीमहून मंगरूळपीर, तिथून कोणाच्या तरी ऑटोनं त्या गावात. पल्लवीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. सासरची माणसं वाईट नव्हती. घरगुती औषध चालू होतं, उद्या दवाखान्यात नेऊ, परवा नेऊ, असं त्यांचंही चाललेलं. ताईंनी कोणाला बोल लावला नाही. "पोरगी घेऊन जाऊन राह्यली," एवढंच सांगितलं आणि गाडी करून तिला थेट दवाखान्यात आणलं. मी पोचले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर आई आणि बाळ, दोघांचंही कठीण होतं. आज माझी नात अंगणभर पळते. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर ताई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपून गेल्या. त्यांच्या नखांत अजून पीठ होतं.

त्याच उतावळेपणानं पुढे त्यांचं स्वतःचं घर मोडलं. थोरले दीर आधीच गेले होते, अमोल एकुलता एक. त्यानं पोहरादेवीजवळच्या एका गावातल्या सविताशी परस्पर लग्न केलं आणि दोघं हार घालूनच दारात आले. ताईंना मुलगी नापसंत नव्हती. विचारलं असतं तर एका मिनिटात हो म्हणाल्या असत्या, हे मला पक्कं माहीत आहे. पण विचारलं नाही, हेच त्यांच्या जिव्हारी लागलं. गावासमोर म्हणाल्या, "माह्या घरात पाय ठेवू नको." मी तांब्या आणेपर्यंत पोरं परत फिरली होती. अमोलनं मानोऱ्याला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याला आईचाच स्वभाव, तोही आला नाही.

यंदा ताईंचं पोटाचं दुखणं निघालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. आम्ही त्यांना घरी आणलं. आणि मग मला न ओळखू येणाऱ्या ताई दिसू लागल्या. उशाशी मोबाईल ठेवायचा, अमोलचा नंबर काढायचा, पाहायचा, परत ठेवायचा. मी म्हणायचे, "लावा ना ताई." त्या म्हणायच्या, "लावला आन् त्यानं उचलला नाई तं? उचलला आन् बोलला नाई तं? आन् बोलला, पन पोरगी रुसली असली तं?" असं दिवसेंदिवस. जन्मभर ज्यांनी एकदाही मागचा-पुढचा विचार केला नाही, त्या आता एकेक शब्द पारड्यात टाकून पाहत होत्या. दुखण्यापेक्षा ते तोलणं त्यांना जास्त खात होतं.

रामनवमीच्या आदल्या दिवशी मी भाकरी थापत होते. काय झालं मला सांगता येत नाही. अर्धी भाकरी तव्यावर असतानाच मी उठले, गॅस बंद केला, शेजारणीला "ताईकडे पाह्यजो" म्हटलं आणि एस.टी. गाठली. यजमानांनाही विचारलं नाही. पोहरादेवीच्या यात्रेची गर्दी, बसायला जागा नाही. मी एकटी इतक्या लांब कधी गेले नव्हते. उभ्या-उभ्या सारखं वाटत होतं की उतरावं, परत जावं. उतरले नाही.

अमोल पंप खोलून बसला होता. मला पाहून उठलाच. "काकू? एकट्या?"

"दुकान बंद कर. घरी चाल."

त्यानं हात पुसले. खूप वेळ पुसत राहिला. "आईनं बलावलं काय?"

हो म्हणणं सोपं होतं. पण खोट्यावर त्याला उंबरा ओलांडायला लावायचं माझ्या मनाला पटेना. "नाई. म्या बलावलं. तिची बलावयाची हिंमत नाई होऊन राह्यली, आन् आता येळही नाई."

आतून सविता आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि दोघांचे कपडे पिशवीत भरायला लागली.

दिवेलागणीला आम्ही पोचलो. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोघं दारात थबकली. ताई सविताला म्हणाल्या, "उभी काहून व माय? घर तुहं हाय ना." अमोलनं तिथंच जमिनीवर बसून आईच्या पायांवर डोकं टेकलं. कोणी माफी मागितली नाही, कोणी दिली नाही. ते सगळं नंतर केव्हातरी झालं असेल, मला माहीत नाही. रात्री मी अंथरूण घालत असताना ताईंनी मला जवळ बोलावलं. "तूळ राशीची ना तू? मले इचारलं काहून नाई?"

"इचारलं असतं तं तुमी तोलत बसल्या असत्या."

त्या हसल्या. पोटात दुखेपर्यंत हसल्या आणि मग माझा हात धरून ठेवला.

त्यानंतर त्यांना पेरणीपर्यंतचे दिवस मिळाले. सविताच्या हातचं वरण त्यांना आवडायचं. अमोल रोज पाय चेपायचा. दुखणं हटलं नाही, पण झोप लागायला लागली. म्हणून मी म्हणते, ताई गेल्या, पण आम्ही त्यांना अडकलेल्या जिवानं जाऊ दिलं नाही. हे राहून गेलं असतं तर मी हा लेख लिहायला बसलेच नसते.

आता सोयाबीन घोट्याच्या वर आलं आहे. अमोल आणि सविता इथंच आहेत. ताईंची एक सवय होती, रस्त्यानं कोणाची चाहूल लागली की डोकं वर न करताच ओट्यावरून हाक मारायच्या, "चाय पेऊन जाय!" घरात दूध आहे की नाही, जाणारं माणूस ओळखीचं आहे की नाही, हे नंतर. परवा दुपारी मी ओट्यावर डाळ निवडत होते. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक अनोळखी बाई चालली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "ये व माय, चाय पेऊन जाय!"

आतून सविता ओरडली, "काकू, दूध नाई!"

"मंग कोरा मांड."

ती बाई गाठोडं उतरवून ओट्यावर टेकली. तिचं नाव विचारायचं राहिलं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आमचा दोघींचा अर्धा चहा पिऊन झाला होता.