साडूंचे फोल्डर

उद्या गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं आणि सगळं नाशिक गाठोडी बांधून पळायला लागलं, तरी माझे थोरले साडू आधी मेलचा बॅकअप घेतील आणि मग बायकोला हाक मारतील. हे माझं मत नाही, खुद्द माझ्या मेहुणीचं आहे. आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ती हे तक्रार म्हणून नव्हे, हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगते.

साडू सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होते. आता निवृत्त होऊन नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये एका जाडजूड कॉम्प्युटरसमोर बसलेले असतात. त्या कॉम्प्युटरला मेहुणीने भरतकामाचं झाकण शिवून दिलंय, कारण घरात एवढा मान मिळवणारी दुसरी वस्तू नाही. फोनवर मेल बघणाऱ्यांची साडूंना कीव येते. "रस्त्यात उभं राहून जेवण्यासारखं आहे ते," असं ते म्हणतात. त्यांचा मेलचा प्रोग्राम असा, की आलेला मेल उतरवून घरातल्या डिस्कवर ठेवायचा आणि वरची प्रत पुसून टाकायची. "आपले मेल परक्याच्या घरी कशाला राहू द्यायचे?" हा त्यांचा प्रश्न. याला आजवर कोणी उत्तर दिलेलं नाही, कारण उत्तर दिलं तर पुढचा तासभर गेला.

आणि फोल्डर! आलेला प्रत्येक मेल फोल्डरमध्ये गेलाच पाहिजे. इनबॉक्समध्ये एक जरी उरला तरी साडूंना जेवण जात नाही. 'तातडीचे', 'अति तातडीचे', 'तातडीचे पण उद्या', 'गोड बोलणारे', 'गोड बोलणारे (वसुलीसाठी)', 'नातेवाईक कामापुरते' आणि त्याच्या खाली 'नातेवाईक निष्काम', जो मी पाहिला तेव्हा रिकामा होता. मी कुठे आहे ते बघायला एकदा हळूच मान पुढे केली. 'किरकोळ' नावाचा फोल्डर होता, त्यात 'साडू' नावाचा पोटफोल्डर. "साडूभाऊ, गैरसमज नको," ते म्हणाले, "किरकोळ म्हणजे आकाराने." आम्ही दोघंही एकमेकांना साडूभाऊच म्हणतो.

कुणाचा मेल हरवला की सगळी कॉलनी त्यांच्याकडे धावायची. साडू चष्मा पुसत यायचे आणि डॉक्टरने जीभ बघावी तसे आधी कचऱ्याचा फोल्डर उघडायचे, मग स्पॅम. तिथेही नसला तर मेलची मूळ फाइल हुडकून तिच्यावर दुरुस्तीचा प्रोग्राम चालवायचे. पण त्याआधी त्या फाइलची प्रत काढल्याशिवाय माऊसला बोट लावायचे नाहीत. शेजारच्या गुरुजींच्या मुलीला सांगून आलेलं एक स्थळ असंच बेपत्ता झालं होतं. मुलाकडचे म्हणत, आम्ही माहिती पाठवली. गुरुजी म्हणत, आली नाही. दोन्हीकडे रुसवेफुगवे सुरू झाले. साडूंनी जाऊन तो मुलगा, फोटो आणि पत्रिकेसकट, स्पॅममधून ओढून काढला. लग्न झालं. लग्नाच्या पंगतीत साडू ज्याच्या त्याच्या पानाशी थांबून सांगत होते, "नवरदेव लॉटरीच्या दोन जाहिरातींच्या मध्ये सापडला बरं का!" वरमाईने शेवटी त्यांच्या पानात जिलबी वाढायची बंद केली.

अशा माणसाचेच मेल जावेत?

झालं असं, की त्यांची ती मेलची फाइल खाऊन खाऊन फुगली होती. प्रोग्राम रोज विनवायचा, फाइल आटोपशीर करू का? साडू रोज 'नंतर' दाबायचे. एका दुपारी कधी नव्हे ते 'हो' दाबलं आणि नेमकी लाईट गेली. बॅकअप घ्यायला साडू बहुधा पुराची वाट बघत होते, आणि यूपीएसची बॅटरी कधीच संपली होती. मेहुणी त्यावर कोथिंबिरीची कुंडी ठेवायची. लाईट आली तेव्हा इनबॉक्स नेहमीसारखा कोरा होता, पण फोल्डरही नाहीत, 'किरकोळ'सुद्धा नाही.

बातमी पसरली आणि लोक भेटायला येऊ लागले. खरंच, जसे येतात तसेच. दारात चपला, आत हळू आवाज, "कसं झालं हो?", "अगदी चांगलं चाललं होतं ना?" साडू सोफ्याच्या कडेला बसून प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते. मेहुणी चहाचा ट्रे घेऊन माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "दूध संपत आलंय. दहाव्यापर्यंत असंच चालणार असेल तर सांगा, जास्तीचं लावते." गुरुजींनी साडूंच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या पोथीत मेलसाठी काही सांगितलेलं नाही," ते म्हणाले, "पण तुम्ही जे दुसऱ्यांना करता ते स्वतःला का करत नाही?"

साडू उठले. प्रत काढली, दुरुस्ती सुरू केली, आणि पाळण्यापाशी बसावं तसे त्या कॉम्प्युटरपाशी बसून राहिले. मेल मिळाले, जवळजवळ सगळे. पण फोल्डर गेले ते गेलेच. सगळे मेल एकाच ढिगात, मागचेपुढचे एकमेकांत मिसळलेले; आणि कुठले वाचलेले, कुठले न वाचलेले ही खूणही पुसली गेल्यामुळे सगळेच्या सगळे ठळक अक्षरांत, जणू आत्ताच येऊन दारात उभे आहेत.

आता लावायचे तर उघडून वाचणं आलं. साडू वाचायला बसले. दोनचार दिवसांनी मी गेलो तर चेहरा उतरलेला. "साडूभाऊ," ते म्हणाले, "मी कोणाला उत्तरंच दिलेली दिसत नाहीत हो. फोल्डरमध्ये टाकलं की मला वाटायचं, काम झालं."

मग त्यांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली. तीही फोनवरून, कारण मेलवर आता त्यांचाच भरवसा उरला नव्हता. कारखान्याच्या दिवसांतल्या एका पुरवठादाराला सांगितलं, "तुमचे नमुन्याचे बोल्ट पास आहेत." तो म्हणाला, "साहेब, मी शेड विकून द्राक्षं लावलीत. बोल्ट कुठून आणू? द्राक्षं पाठवू का पेटीभर?" चुलतभावाला मुलगा झाल्याबद्दल अभिनंदन केलं. त्या मुलानेच फोन उचलला होता आणि तो कॉलेजला निघाला होता. मेहुणी आणि मी स्वयंपाकघरात तोंडावर पदर आणि रुमाल धरून हसत होतो.

त्या ढिगात एका माणसाचे मेल पुन्हा पुन्हा वर येत होते. कारखान्यात साडूंच्या शेजारच्या टेबलावर बसणारे, निवृत्तीनंतर सिन्नरजवळच्या आपल्या गावी शेती बघायला गेलेले एक दोस्त. दर हिवाळ्याला त्यांचा एकच मेल: "हुरडा आलाय. ये." खाली फोन नंबर. बाकी मायना नाही, काही नाही. साडूंनी नंबर लावला. बोलता बोलता ते उभे राहिले आणि मग बराच वेळ नुसतं "हो" म्हणत राहिले.

फोन दोस्ताच्या बायकोने, वहिनींनी, उचलला होता. दोस्त मागच्या उन्हाळ्यात गेले होते.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, हुरडा आलाय. या."

आम्ही दोघं गेलो. नाशिक रोडहून बसने सिन्नर, पुढे जीपमध्ये गुडघ्याला गुडघा लावून. वहिनी शेतातच होत्या. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव केलेला, त्यात कणसं खुपसलेली. सून ती चोळून दाणे काढत होती. साडूंनी येताना वाक्यं जुळवून आणली असणार, पण वहिनींनी त्यांना बोलूच दिलं नाही. पोतं अंथरलं, चटणी, गूळ, दही पुढे ठेवलं.

"मी म्हनायची त्यांना," त्या निखारे सारखे करत म्हणाल्या, "मेल कशाला करता, फोन लावा की. तर म्हनायचे, फोनवर तो तिथल्या तिथं नाय म्हनंल. मेल केला की नाय म्हनायला त्याला टायम लागंल. अन् तुमचं 'नाय' कधी आलंच नाय. म्हनून दरसाल बांधाकडची ज्वारीची वळ राखून ठिवायचे. कुनाला हात लावू द्यायचे नाय."

"मग?" साडूंनी विचारलं.

"मग काय? पाखरं खायची," वहिनी म्हणाल्या. "वाया नाय गेलं काय."

साडू बांधाकडे बघत राहिले. तिथे ज्वारी उभी होती, पाखरंही होती. वहिनींनी कढत दाण्यांची मूठ पुढे केली. साडूंनी एरवीसारखा चमचा मागितला नाही. दोन्ही हातांची ओंजळ केली आणि पुढे धरली.