फेरी येवक नाय अजून

लहान मूल असलेल्या घरात किस्से जमवावे लागत नाहीत. केरीच्या किनाऱ्यावरून परतल्यावर चपलांतून घरभर वाळू होते, तसे ते होतात. कितीही झाडा, खाटेखाली थोडे राहतातच. सुषमा गेल्यावर भेटायला येणारी माणसे आम्हाला आमचेच किस्से सांगत. सांगताना हसत आणि मग एकदम जमिनीकडे बघत. मी चहा बघायला म्हणून आत जात असे. आज मीच सांगतो.

*

सुषमा, माझी बायको, मूळची केरीची. लग्न होऊन कोरगावात आली. पेडण्याला नर्स होती. नाईट ड्युटी करून सकाळी यायची, रांधायची आणि दुपारी आमच्या उर्वीला कुशीत घेऊन निजवायची. उर्वीला हवी असे गोष्ट आणि सुषमाला झोप.

गोष्ट एकच, सुषमाने स्वतः रचलेली. कोरगावची एक कुर्ली, म्हणजे खेकडीण, गाठोडे घेऊन नदीपलीकडे तेरेखोलला बहिणीकडे निघते. तिरकी तिरकी चालते म्हणून तिला उशीर होतो. केरीच्या धक्क्यावर पोचते तेव्हा ओहोटी लागलेली असते. पाणी उतरले की फेरीबोट थांबते. मग कुर्ली गाठोड्यावर बसून फेरीची वाट बघते.

इथे सुषमाला झोप लागे. रोज, याच धक्क्यावर!

उर्वी बोटाने तिची पापणी वर करून विचारी, "आई, निजलंस?"

"निजाक नाय गो. फेरी येवक नाय अजून."

आणि मग गोष्ट पुन्हा कोरगावहून सुरू. मधूनच पुढे न्यायची तर कुठवर आली होती ते सुषमाला आठवत नसे. त्यामुळे ती कुर्ली एकदाही पलीकडे गेली नाही.

*

फेरी अजून आली नाही, हे वाक्य मग घरभर झाले. सिलिंडर आला नाही, पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला नाही, मोबाईलवर कार्टूनऐवजी नुसते चक्र फिरत राहिले, तरी फेरी येवक नाय.

मी डिचोलीला हायस्कुलात शिकवतो. एकदा आमचे हेडमास्तर जेवायला आले होते. सुषमाची ड्युटी लांबली आणि मासे उशिरा तव्यावर पडले. हेडमास्तर ताटावर बसून कुलेरीने, म्हणजे चमच्याने, वाटीतल्या सोलकढीशी खेळत होते. स्वयंपाकघराच्या दारातून उर्वीने त्यांना सांगितले, "फेरी येवक नाय अजून."

ते गडबडून उठायला लागले. मला हळूच विचारतात, "का हो, जेवण पलीकडे आहे का?"

*

माझ्या लहानपणी वाड्यावर एकच टीव्ही होता. अँटेना फिरवायला एकजण कौलांवर चढे आणि खालून आम्ही ओरडत असू, "मुंग्यो! अजून मुंग्यो!" चित्र नीट दिसायला लागले की नेमकी लाईट जाई. हे मी उर्वीला मोठ्या अभिमानाने सांगत होतो.

तिने विचारले, मग गोष्टीचा शेवट कोण सांगायचे? मी म्हटले, कोणी नाही. तसेच घरी जायचो.

"मग तुम्ही मोठे कसे झालात?"

सुषमा युनिफॉर्मला इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "खंय झालेत? बघ ना, अर्धवटच रवलेत."

*

माझी आई टीव्हीवर रोज संध्याकाळी एक सीरियल बघायची. उर्वी तिच्या मांडीवर. एकदा त्यातला मोठा मुलगा दरीत पडून मेला. फोटोला हार घातला, बाराव्याचे जेवण झाले आणि बऱ्याच दिवसांनी तो दारात उभा. तोंडसुद्धा वेगळे! उर्वी घाबरली. आईने तिची समजूत काढली, "सीरियलीत कोण मरत नाय गो. सुट्टीर जातत."

सुषमा गेल्यावर, घरातली माणसे पांगल्यावर, एका संध्याकाळी सवयीने टीव्ही लागला. उर्वी आजीच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिने साधेपणाने विचारले, आई सुट्टीवर गेली का?

आईने टीव्ही बंद केला आणि त्याच्यावर टेबलक्लॉथ घातला. तो अजून आहे. त्या सीरियलचे पुढे काय झाले, तिने कोणालाच विचारले नाही.

*

हॉस्पिटलातली गोष्ट थोडक्यात सांगतो. आपल्या दुखण्याचे नाव सुषमाला डॉक्टरांच्या आधी कळले होते. शेवटी शेवटी ती बराच वेळ डोळे मिटून असे. एकदा मला राहवले नाही. मी विचारले, झोपलीस का? तिने डोळे उघडले नाहीत.

"फेरी येवक नाय अजून."

मी मोठ्याने हसलो. ड्युटीवरच्या सिस्टरने वळून बघितले. त्या वॉर्डात असे कोणी हसत नाही.

*

तिला घरी आणले तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती. कोणा दूरच्या आत्याने उर्वीला जवळ घेतले आणि अशा वेळी मुलांना सांगतात ते सांगितले, "रडूंक नको हां बाय. आई निजली."

उर्वी रडत नव्हतीच. तिने आत्याला दुरुस्त केले. "निजाक नाय. फेरी येवक नाय अजून."

आत्याला काही कळले नाही. बाकी सगळ्यांना कळले. माझ्या आईने तोंडात पदर धरला.

*

त्यानंतर उर्वी कुठलीच गोष्ट संपू देईना. मोबाईलवरचे कार्टून शेवटाला आले की बंद करून फोन माझ्या हातात देई. शाळेतून बाईंनी बोलावले. गोष्टीच्या तासाला ही शेवटी दोन्ही कान झाकून घेते, म्हणाल्या. घरी काही झालंय का, असे विचारता विचारता त्यांनाच आठवले आणि त्या माझ्यासाठी पाणी आणायला गेल्या.

मी मास्तर माणूस. मला वाटले, अर्धी गोष्ट तिच्या मनात अडकली आहे, ती पुरी करून टाकावी. एका दुपारी तिला शेजारी घेऊन सुरुवात केली. कोरगाव, गाठोडे, तिरकी चाल, धक्का. उर्वी मध्येमध्ये माझ्या चुका काढत होती. कुर्ली गाठोड्यावर बसली. मी म्हटले, मग भरती आली, दुरून फेरी दिसायला लागली...

उर्वीने माझे तोंड हाताने गच्च दाबले. नखे लागली.

"नको. आई थंयच आसा."

आई तिथेच आहे, धक्क्यावर. कुर्ली पलीकडे गेली की सुषमाला गोष्टीत परत यायला जागा उरणार नव्हती. मी पुढे गेलो नाही. मलाही ते नकोच होते.

*

सुट्टी पडली तशी सुषमाच्या बहिणीने उर्वीला राहायला बोलावले. मावशीचे घर तेरेखोलच्या पलीकडे. रस्त्याने वळसा घालून मोटारसायकलने न्यावे, असे मी ठरवले होते. उर्वी म्हणाली, फेरीने.

केरीच्या धक्क्यावर आलो तेव्हा ओहोटी होती. फेरी पलीकडे थांबलेली. दोन बायका माशांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. उर्वी आपल्या कपड्यांच्या पिशवीवर बसली. मी उभा राहिलो.

पाणी चढले. फेरी आली, फळी खाली पडली. माशांच्या बायका चढल्या, दोन स्कूटर चढल्या, मी मोटारसायकल आत लावली. मागे बघतो तर उर्वी पिशवी घेऊन खालीच, फळीच्या एका बाजूला अंग चोरून उभी. खलाशी दोर सोडायच्या बेतात होता. मी तिला हाक मारली.

"थांब, बाबा. आधी कुर्लेक चढूंक दी."

खलाशाने माझ्याकडे बघितले. मग रिकाम्या फळीकडे बघितले. त्याने हातातला दोर तसाच धरून ठेवला. स्कूटरवाल्याने हॉर्न दिला, तिकडे त्याने लक्ष दिले नाही. उर्वीची नजर फळीवरून हळूहळू वर सरकत होती. थोडी तिरकी.

मग ती स्वतः चढली. माझ्याजवळ आली, पिशवी खाली ठेवली.

"चढली गो?" खलाशाने विचारले.

"चढली," उर्वी म्हणाली. "सोड आता."