चौथा दिवस की तिसरा

सन दोन हजार तेवीस. मी सहासष्ट वर्षांचा होतो. दात सगळे स्वतःचे, आणि संत्र्याची कलमं बांधताना हात अजून कापत नव्हता. शाळा मात्र चौथीपर्यंतच. घरवाली जाऊन सहा वर्षं झाली होती. पांढुर्ण्यात एका बाईशी माझं दीड वर्षापासून जमलं होतं. तीही एकटी, पन्नाशी ओलांडलेली, पापड-कुरड्या करून विकायची.

दर शनिवारी मी सुनेला सांगायचो, जामसांवलीला दर्शनाला चाललो. ते खोटं नव्हतं. सौंसरहून बसनं जायचं, मारुतीला नारळ फोडायचा आणि मागची बस धरून पांढुर्णा गाठायचा. परत आलो की प्रसाद सुनेच्या हातात. दीड वर्ष नुसता चहा आणि गप्पा चालल्या. एका शनिवारी मात्र गोष्ट गप्पांच्या पुढे गेली. निरोध वगैरे आमच्या डोक्यातही आला नाही. ते पोरं होऊ नयेत म्हणून असते, आणि आमच्या दोघांचे नातू मिशीला आलेले, असा माझा हिशोब.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. रडत होती. तिचा नवरा ट्रक चालवायचा, नऊ वर्षांमागं वाळत वाळत गेला. घरच्यांनी तिला टीबी सांगितला होता. आता त्याच्या जोडीच्या ड्रायव्हरची बायको तिला बाजारात भेटली आणि म्हणाली, आपल्या दोघींच्याही नवऱ्यांना एचआयव्ही होता, मी अजून त्याच्याच गोळ्या खाऊन राहिली, तुले कोणी सांगितलं नाई का? हिनं कधी तपासलंच नव्हतं.

"तुमी रक्त तपासून घ्या," ती म्हणाली.

"मले काही होत नाई," मी म्हणालो आणि फोन ठेवला. पण भाकर गोड लागली नाही.

मंगळवारी सकाळी आमच्या बोरगावच्या मेडिकलवाल्यानं शटर वर केलं तेव्हा मी समोरच उभा होतो.

"माया एका दोस्ताचं काम आहे," म्हणालो आणि दोस्ताची सगळी हकीकत सांगितली.

त्यानं ऐकून घेतलं. "काकाजी, दोस्त तुमच्याच वयाचा हाय का?"

"थोडा मोठा."

"मंग त्याले सांगा, गोळ्या असतात. पण बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. म्हणजे तीन दिवस. जितक्या लवकर, तितकं चांगलं. सरकारी दवाखान्यात जा म्हणा."

मी तिथंच बोटं मोजली. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. चार. म्हणजे संपलं. दुकानाच्या पायरीवर बसलो. हा रोग म्हणजे आता घर सुटलं, ताट वेगळं झालं, असं काय काय डोळ्यांपुढं आलं.

मग मला राग आला. कालच संध्याकाळी गेलो असतो तर तिसराच दिवस होता, हे कळलं म्हणून आला असेल. पण स्वतःवर रागावायची मला सवय नाही. म्हटलं, हा तीन दिवसांचा नियम केला कोणी? कलमाचा डोळा चौथ्या दिवशी बांधला तर लागत नाही काय? उठलो आणि भांडायला म्हणून सौंसरच्या दवाखान्यात गेलो.

तिथं या कामासाठी वेगळी खोली आहे. आत माझ्या नातीएवढी पोरगी बसली होती, समुपदेशक. तिनं दार लावलं आणि म्हणाली, "बोला आबाजी. इथली गोष्ट इथंच राहते."

"चौथा दिवस आहे," मी म्हणालो. "तुमचा नियम मले माहीत आहे. तरी मले गोळ्या पाहिजेत."

तिनं पेन खाली ठेवला. "कशाचा चौथा दिवस?"

सांगावं लागलं. आता दोस्त कुठून आणू?

"कोणत्या वारी?"

"शनिवारी."

"आज मंगळवार. चौथा कसा?"

"शनिवार धरून. माणूस जाते तो दिवस पहिला. तसंच तेराव्यापर्यंत मोजतात. तुमच्या घरी दुसरं मोजतात काय?"

पोरीनं ओठ दाबले, तरी हसू फुटलंच. "आबाजी, तुमच्या तेराव्याले लय टाइम आहे. दिवस नका मोजू, तास मोजू. शनिवारी किती वाजता?"

आता घड्याळ कोण पाहते! पण एक आठवलं. तिच्या गल्लीत तीनला नळ येतो. नळ आला तशी ती घाईनं पाण्याचा गुंड घेऊन धावली, तेव्हा आमचं होऊन थोडा वेळ झाला होता. पोरीनं अडीच धरले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं.

"अजून सत्तर तासही नाई झाले," ती म्हणाली. "तीनेक तास हातात आहेत. पण उगाच थांबायचं नाई."

मी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. घाम पुसला.

मग तिनं भराभर विचारलं. बाईचं नाव नको म्हणाली. निरोध होता का, जखम-रक्त काही, दुसरी काही गोळी चालू आहे का, किडनीचा त्रास? आणि अलीकडे आणखी कोणाशी संबंध?

"मी काय गावचा सांड आहे?"

"सगळ्यांनाच विचारते, आबाजी. लिहावं लागते." मग म्हणाली, "त्या बाईले एचआयव्ही आहे की नाई, हे अजून कोणालेच माहीत नाई. असला तरी एका वेळेत होतेच असं नाई. पण होऊ शकते. म्हणून गोळी आज सुरू करायची, अठ्ठावीस दिवस, एकही चुकवायची नाई. त्यांचं रक्त तपासलं आणि त्यात काही नाई निघालं, तर डॉक्टर गोळ्या बंद करतील. आता आधी तुमचं रक्त."

"मायं काहून? रोग आला तर तिच्याकडून आला असंन."

"तुमच्याकडून त्यांना नसंन गेला कशावरून?"

इथं मला जुनं आठवलं. तरणा असताना संत्र्याच्या गाड्या घेऊन मी नागपूरच्या मंडीत महिना महिना राहायचो. तिथलं सगळंच काही सुनेला सांगण्यासारखं नाही. तपासणी मी आजवर कधी केली नव्हती, आणि कालपासून डाग मात्र त्या बाईच्या माथी मारून मोकळा झालो होतो. बाही वर केली.

रक्तात काही निघालं नाही. "हा रिपोर्ट आधीचं सांगते, शनिवारचं नाई," पोरगी म्हणाली. "त्यासाठी पुन्हा यावं लागंन." डॉक्टरांनी कागद पाहिला, समोर उभं करून पहिली गोळी गिळायला लावली. बारालाही दहा कमी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं मी पांढुर्णा गाठला. ती ओट्यावर पापड वाळत घालत होती, शेजारीण समोरच. मला पाहून म्हणाली, "आज तर बुधवार हाय!"

"मी तपासून आलो. माया रक्तात काही नाई. चल, तूही तपास."

"दोघं संगं बसमध्ये? लोक काय म्हणतीन?"

"ते तर कधीचेच म्हणून राहिले. शेजारीणबाई कान देऊन बसल्या आहेत, विचार त्यांना."

शेजारीण म्हणाली, "जा ना बाई, मी पापड पाहते."

ती लुगडं बदलून आली. दीड वर्षात पहिल्यांदा आम्ही एका सीटवर बसून सौंसरला आलो. रक्त दिलं आणि बाकावर बसून राहिलो.  मी नागपूरचं सगळं सांगितलं. तिनं मान न वळवता विचारलं, "अजून काही उरलं हाय का?" मी म्हणालो, "नाई." अर्ध्या तासानं पोरीनं आत बोलावलं. बाईच्या रक्तातही काही नव्हतं. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झालेली, मध्ये दुसरं कोणी नाही, म्हणून डॉक्टरांनी माझ्या गोळ्या तिथंच बंद केल्या. निघताना पोरीनं निरोधची पाकिटं पुढं केली. मी बाहेर बसलेल्यांकडं एकदा पाहिलं, दोन उचलली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली.