पितळी डबी आणि काकूची पात

कापूस वेचताना हात आपले आपण चालतात, तोंड मात्र रिकामं राहतं. म्हणून मी गोष्ट सांगायची. पालमच्या अलीकडं आमचं शेत. वेचायला पाचजणी: काकू, मी आणि गल्लीतल्या तिघी. शिक्षण संपवून मी तेव्हा घरीच होते. नाशिकला एका शाळेच्या ग्रंथालयात मुलाखत देऊन आले होते आणि पत्राची वाट बघत होते. स्वभाव मुळातच तिखट, त्यात ती वाट बघणं. घरातलं मांजरही माझ्यापासून चार हात लांब असायचं.

गोष्ट माझ्या मनची होती, एका जादूच्या पितळी डबीची. डबी उघडून आपल्या लाडक्या गोष्टीचं नाव घ्यायचं, की ती गोष्ट आहे तशीच राहते, कुठं जात नाही. राजानं किल्ल्याचं नाव घेतलं. किल्ला पडेना, पण दरवाजाही उघडेना. राजा आतच अडकला. नावाड्यानं नदीचं नाव घेतलं, तर पाणी जागच्या जागी थांबून हिरवं पडलं. रोज नव्या माणसाच्या हाती डबी जायची आणि रोज बायकांचा निवाडा व्हायचा. राजाची कुणालाच दया आली नाही. "बरी जिरली मेल्याची," म्हणाल्या. नावाड्यासाठी मात्र त्या तिघींतली म्हातारी दिवसभर हळहळली.

माझी आई मी दोन वर्षांची असताना गेली. काकूला मूलबाळ नव्हतं, तिनंच मला वाढवलं. वेचणीत तिचा हात कुणी धरू शकत नसे. आमच्यात रीत अशी, की जिची पात आधी लागेल, म्हणजे वाट्याच्या ओळी संपतील, तिनं मागे राहिलेलीच्या पातीत समोरच्या टोकानं शिरायचं आणि वेचत वेचत तिला गाठायचं. मी बोलघेवडी, म्हणून कायम मागे. मान वर केली की काकू समोरून येताना दिसायची. मला ते इतकं सवयीचं होतं की त्याचं कधी काही वाटलं नाही.

एका दिवशी मी डबी एका आईच्या हाती दिली. तिनं लेकीचं नाव घेतलं. मग लेक वाढेचना. वर्षानुवर्षं तेच झबलं, तेच बोबडे बोल. शेवटी गावानं त्या बाईला वेशीबाहेर काढलं, हे मी चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं.

काकूचे हात थांबले. "तिला कशापायी हाकलायलीस? तिनं काय सोनं मागितलं व्हतं? लेकरू तर मागितलं."

"राजानं लोभानं नासवलं, हिनं मायेनं. नासलं ते नासलंच ना, काकू?"

"तुला काय कळतंय मायेतलं!"

"मग लेकीनं जन्मभर झबलंच घालून बसायचं का?" मी फणकारले.

ती वळून पुन्हा वेचू लागली. त्या दिवशी तिची पात नेहमीसारखीच आधी लागली, पण ती माझ्याकडं आली नाही. बांधावर पाठमोरी बसून राहिली. मीही हट्टाची, माझ्या ओळी एकटीनं संपवल्या, पण तिला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, ती समोरून आली. तिची स्वतःची पात अर्धीच होती. दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेली, आणि तिचे हात एकाही बोंडाला लागत नव्हते. माझ्यापाशी येऊन तिनं कंबरेच्या ओटीत हात घातला आणि कापसाखालून एक लिफाफा काढला.

"नऊ दिस झाले येऊन. पोस्टमन आला तवा तू न्हात व्हतीस. म्या कोठीत ज्वारीखाली घालून ठिवला." मग मान खाली घालून म्हणाली, "लय वंगाळ केलं म्या. हाकल मला येशीभाईर."

पत्रात सोमवारी हजर व्हायला सांगितलं होतं. मला राग आला, अगदी खरा राग आला. आणि त्याच रागात मी तिच्या गळ्यात पडून रडले. कापूस दोघींच्या तोंडाला चिकटला.

"दुपारची बस हाय," ती डोळे पुसत म्हणाली. "जा, कपडे भर."

"आन माझी पात?"

"ती म्या लावते. जा म्हन्ते ना."

पुढं ती गोष्ट माझ्या पहिल्या पुस्तकात आली. त्यात त्या आईला कुणी वेशीबाहेर काढत नाही. ती आपल्याच हातानं डबी पुन्हा उघडते आणि लेकीला मोकळं करते. ते तिला कसं जमलं, असं वाचक विचारतात. मला त्याचं उत्तर देता येत नाही. रस्त्याला लागताना मी एकदा मागे वळून पाहिलं होतं, तेवढंच मला ठाऊक आहे. काकू माझ्या ओळींत शिरली होती. मान खाली घालून, भराभर वेचत, मी पात सोडली होती त्या जागेकडं निघाली होती. तिथं गाठायला आता कुणी नव्हतं.