तुरटीमामांचं तळं

सगळे त्यांना तुरटीमामा म्हणायचे. शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात पस्तीस वर्षं त्यांनी पाण्यात तुरटी सोडली. नदी कितीही गढूळ येवो, मामा बाटलीभर पाणी उजेडात धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि माप सांगायचे. ते कधी चुकलं नाही, आणि हे ऐकवायची संधीही मामांनी कधी सोडली नाही.

निवृत्तीनंतर मामींच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. नस वाळत चाललीये, फार तर तीन महिने दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामी एवढंच म्हणाल्या, "आपल्या दारात मासे खेळताना बघायचे होते हो मला."

दुसऱ्याच दिवशी मामांनी परसात खणायला माणसं लावली. तळं झालं, पाणी भरलं, तीस लाल मासे सोडले. पण चिकणमाती काही खाली बसेना. पाण्याचा रंग दुधाळ चहासारखा, वीतभर खालचं दिसेना. मासे असून नसल्यासारखे.

मासेवाला म्हणाला, "मामा, इथली माती आंबट आहे. आधी चुनखडीची भुकटी टाका, आठ-दहा दिवस थांबा. मगच तुरटी."

"मला शिकवतोस? तुझ्या बापानं प्यायलेलं पाणी मी निवळलंय!"

खरी गोष्ट अशी की मामांना थांबवत नव्हतं. मामी आताशा कपासाठी टेबल चाचपू लागल्या होत्या. मामांनी नेहमीच्या अंदाजानं तुरटी सोडली. तिसऱ्या सकाळी पाणी लख्ख निवळलं होतं आणि तीसच्या तीस मासे पोट वर करून तरंगत होते.

पाणी तपासायचा कागद बुडवला तर तो लालभडक झाला. तेव्हा कुठे मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. केंद्रात त्यांच्या शेजारची खोली चुन्याची होती. तुरटीनं पाणी आंबट होऊ नये म्हणून तिथला माणूस मुकाट चुना सोडायचा. पस्तीस वर्षं दोघं एकत्र डबा खात होते. भिंतीपलीकडे काय चालतं हे मामांनी कधी विचारलंच नव्हतं. मेलेले मासे गोळा करताना ते लहान पोरासारखे रडले.

मामींना त्यांनी सगळं खरं सांगितलं.

"माझ्यासाठीच घाई केलीत ना," मामी म्हणाल्या. "आता सावकाश करा."

मग मामा मासेवाल्यापुढे नाक मुठीत धरून गेले. चुनखडी टाकली. रोज सकाळी कागद बुडवला. तुरटी आधी बादलीभर पाण्यात घालून पाहिली, मग थोडी थोडी तळ्यात सोडली. नवे मासे आणले. या सगळ्यात सहा आठवडे गेले.

अखेर एका सकाळी तळाचे खडे मोजता येतील इतकं पाणी नितळ झालं. मामा मामींना हाताला धरून काठावर घेऊन आले. घरात मामींना अजून माणसांच्या आकृत्या कळत होत्या. त्या वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या. लाल मासे अगदी त्यांच्या पायांशी वळत होते.

"अजून गढूळच आहे हो," मामी म्हणाल्या.

कुंपणापाशी उभा असलेला मासेवाला काही बोलणार, तोच मामांनी हात वर केला.

"हो गं. गढूळच आहे. नवं तळं, वेळ लागतो."

"लागू दे की," मामी काठावर ऐसपैस बसत म्हणाल्या. "मला कुठे घाई आहे?"