केरूतात्यांचा डावा हात

केरूतात्या आमच्या शेजारचे. वय त्रेसष्ट. पोफळीच्या पॉवरहाऊसमधून निवृत्त. चाळीस वर्षं गावच्या जाखडीत मृदंग वाजवतात. गणपतीत पोरं एका पायात घुंगरू बांधून गोल नाचतात आणि मधोमध तात्या बसतात. त्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलेलं नाही.

या वर्षी त्यांच्या उजव्या हाताची बोटं आखडली. पोरांचे पाय पुढे जायचे, बोटं मागे राहायची. तालमीच्या तिसऱ्या दिवशी स्वरूप, म्हणजे नाचणाऱ्यांचा म्होरक्या, सरळ म्हणाला, "तात्या, यंदा मृदंग मी घेतो. तुम्ही झांज धरा."

"झांज कशाला, टाळ्या वाजवतो की!" तात्या म्हणाले आणि उठून आमच्या पडवीत आले.

मी इअरफोन लावून बसले होते. मराठी घेऊन एम.ए. झाल्यावर माणसाला बराच वेळ असतो.

"काय आयकतेस गं बाय?"

"ड्रम अँड बेस. इंग्लंडचं आहे. नाचायचं संगीत."

त्यांनी इअरफोन मागून घेतले. मला वाटलं, दहा सेकंदांत परत देतील. त्यांनी डोळे मिटले. पूर्ण सहा मिनिटं.

"वरच्याला लय घाई हाय," ते म्हणाले. "शेवटची एसटी सुटत असल्यासारखा पळतोय. पण खालचा बघ. तो रमतगमत चाललाय. आणि दोघं पोचतात एकदमच."

मी थक्क झाले. चार वर्षं हे संगीत ऐकते. ते का आवडतं, हे मला कधी सांगता आलं नव्हतं. ड्रम मिनिटाला एकशे सत्तर ठोक्यांच्या आसपास धावतात. खालचा खर्ज, म्हणजे बेस, निम्म्या चालीने येतो आणि कानापेक्षा छातीत वाजतो. पळायचं की डुलायचं, ते शरीराने ठरवायचं.

"पॉवरहाऊसात असंच," तात्या म्हणाले. "मशीन गरगरायची, जमीन मात्र हळू हुंकारायची. परत लाव."

परत लावलं. त्यांचा डावा हात मांडीवर पडू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तालमीला गेले. आवाज घुमावा म्हणून मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. तात्यांनी दुप्पट थापली. मग स्वरूपच्या हातात ढोलकी दिली.

"तू पळ. पायजे तेवढं पळ."

"आणि तुम्ही?"

"मी चालतो."

स्वरूपने ढोलकी उधळली. तात्यांची फक्त डावी थाप, निम्म्या लयीत. धूम. धूम. गोल तिथेच फिसकटला. नाचणाऱ्यांतला संदेश पुढच्यावर आदळला.

"तात्या, गणपती अजून यायचेत," तो ओरडला. "विसर्जन कसलं वाजवताय?"

"घुंगराचा पाय त्याच्याबरोबर टाक. मोकळा पाय माझ्याबरोबर. तोंड बंद ठेव."

तिसऱ्या फेरीला जमलं. घुंगरं पळत होती आणि मोकळे पाय जांभ्याच्या जमिनीवर एकदम पडत होते. वेग तोच होता, पण गोल आता झुलत होता. माझाही पाय हलायला लागला. मी तो थांबवला नाही.

ढोलकी थांबली तेव्हा सगळे धापा टाकत हसत होते.

"पोटात वाजतंय रे," संदेश म्हणाला.

"मग झांज कोण घेणार?" कुणीतरी विचारलं.

स्वरूपने घाम पुसला. "कोण पण घ्या. तात्या माझ्या शेजारी बसतील."

"शेजारी नाय," तात्या म्हणाले. "मधे मी. शेजारी तू."

स्वरूप सरकला.